अकरा मंगळवार

मोडनिंब
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
सकाळचे आठ

चि. धम्मप्रिया,

कुंडलिकमामाचा आशीर्वाद. हितं सगळी बरी हायती, तुमच्याकडं पण बरं असेल असं धरून चालतो. तुझ्या बाबांना, धर्मपालभाऊंना माझा जय भीम सांग. त्यांच्या गुडघ्याची सूज उतरली का? आईला म्हणावं, शेंगाच्या चटणीचा डबा धुऊन ठेवलाय, बुडवलेला न्हाय.

माझं म्हणशील तर गोठ्यात पाय घसरला, उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये हाय. सून जागेवर चहा देती. चौतीस वर्षं बायलरपुढं उभा राहिलेला माणूस मी, बसून बसून कंबर धरली. नातू म्हणतो, आजोबा टीव्ही बघा. काय बघू?

तुला फोन लावत होतो. माझा नंबर तू बंद केलास हे नातवानंच सांगितलं. त्याच्या फोनवरनं लावला तर अनोळखी नंबर म्हणून तू उचलंनास. त्यात तुझं काय चुकलं न्हाय. कारखान्यातनं रिटायर झालो त्या निरोपाच्या दिवशी गळ्यात हार घालून मी चारचौघांत बोललो, "पोरीच्या हातात बायलर देताय, बघा बाबा." लोक हसले. तू पेढ्याचं ताट धरून उभी होतीस. मालक आधी म्हणाले होते की कुंडलिकपेक्षा पोरगी हुशार निघाली, त्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हातारा झालो म्हणून शहाणा झालो असं काय न्हाय.

तू माझ्या हाताखाली शिकायला आलीस तो दिवस आठवतो. बायलरची परीक्षा पहिल्या झटक्यात पास, हातात प्लास्टिकची फाईल, पायात नवे बूट. मी म्हणालो, चार दिवसांत पळंल. तू वही काढलीस. मी धूर बघून आग कशी वळखायची सांगितलं, तू लिहिलंस. पंपाचा आवाज बदलला की काय समजायचं, तेबी लिहिलंस. मी बोललेलं कुणी लिहून घ्यावं, असं जन्मात घडलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगायचो, आज पोरीनं दोन पानं भरली. ती दोन वर्षं माझी लई चांगली गेली.

आता मुद्द्याचं लिहितो.

काल संध्याकाळी मॅनेजर सतीशसाहेबांचा फोन आला, कुठल्यातरी कागदावर माझी सही राहिली म्हणून. बोलता बोलता तुझं कौतुक चाललं. म्हणाले, "मामा, पोरगी एक नंबर. काचेतलं पाणी आठवडा झाला जागचं हलत न्हाय."

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

चालू बायलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी हलतं, पोरी. कायम जरा थरथरतं. हलत न्हाय म्हणजे बायलरातनं काचेत येणारी खालची वाट बुजली. काचेत अर्धं दिसतंय ते नुसतं काचेतलं. आत किती हाय, कुणाला म्हाईत न्हाय. पंप तू काच बघूनच चालू करतेस. आत पाणी उतरलं आणि आग चालू राहिली तर काय होतं ते तुला मी शिकवायला नको. भिंतीपलीकडं टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बारा बायका बसतात. भवानी पेठेत त्या भिंतीला भिंत लागून घरं हायती.

तू मला विचारलं होतंस. पुस्तकात लिहिलंय मामा, रोज पाळीच्या सुरवातीला खालचा कॉक उघडून, वाफ सोडून काच झाडायची, आपण का झाडत न्हाय? मी म्हणालो, कॉक जुना हाय, तुटंल, हात लावू नको. तू वहीत लिहिलंस, हात लावायचा नाही. खाली रेघ मारलीस.

कॉक तुटत न्हाय. जरा घट्ट हाय, एवढंच.

आपलं बोअरचं पाणी खारं, त्याचा थर खालच्या भोकात धरतो. दर मंगळवारी बायलर गार असला की मी तुला चहाला पिटाळायचो. तू म्हणायचीस, मामांना मंगळवारीच बरी तलफ येती. तू गेलीस की मी पेच काढून छत्रीच्या काडीनं ते भोक खरवडायचो आणि तू यायच्या आत पेच बसवायचो. दुसरी काच माझ्या आधीपासून बंद, धोक्याची शिट्टी मुकी. ती काडी हाच काय तो आधार होता. निरोपाच्या दिवशी ती मी खिशात घालून घरी आणली.

का म्हणशील, तर माझे वस्ताद शिवयोगीमास्तर, अक्कलकोटचे. "नोडप्पा, बघ बाबा," कानडी मिसळून म्हणायचे, "चेल्याला सगळं देऊ नये. एक डाव राखून ठेवावा, म्हणजे मालक पुन्हा बोलावतो." त्यांनीही माझ्यापासून एक डाव राखला होता. तो मला वाफेनं शिकवला, माझ्या डाव्या हातावर. तू विचारायचीस तो डाग. मी सांगायचो, लहानपणी चुलीवर पडलो. एवढं भोगून मी तुझ्याशी तेच केलं. वाटायचं, दोन महिन्यांत काचेचं काहीतरी अडंल, मालक गाडी पाठवतील. मी रोज फोनकडं बघत बसायचो. मी गेल्यापासून अकरा मंगळवार झाले.

काल साहेबांना सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते विचारणार, मग इतकी वर्षं काय केलंस? लाज आडवी आली. सकाळी लाज गिळली तर त्यांचा फोन बंद. ऑफिसला रविवारची सुट्टी, तितं कोण उचलत न्हाय. बाकीच्यांचे नंबर रागानं मीच पुसले होते. कारखाना मात्र चालू, रविवारी दोनची पाळी, म्हणजे तू साडेबाराला आग घालणार.

बिरप्पाचा दुधाचा टेम्पो नऊला सोलापूरला निघतो, पण तो जागोजागी थांबतो. पत्र त्याच्याकडं देणार होतो. आता ते बरं वाटंना. सुनेला सांगितलं, काठी दे. ती ओरडती हाय. ओरडू दे. मी त्याच्या शेजारी बसून येतो. निरोपाला एवढं बोलल्यावर गेटवर मला आत घेतील का न्हाय, ठावं न्हाय, म्हणून पत्र खिशात ठेवतो. वॉचमन तेवढं तुझ्या हातात देईल.

आग घातली नसशील तर घालू नको. घातली असशील तर पहिल्यांदा आग काढ. काच बघून घाबरून पाणी मात्र सोडू नको, तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर संपलं. पंपाला हात लावू नको, बायकांना बाहेर काढ, तूबी लांब हो. ही वाक्यं मी पत्राच्या सुरवातीला लिहायला पाहिजे होती. चटणीचा डबा काय पळून जात नव्हता. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आधी आग काढ, मग वाच.

छत्रीची काडी पाकिटात घातली हाय. वहीतली ती रेघ मारलेली ओळ खोड.

निरोपाच्या दिवशी, मी ते बोलायच्या आधी, तू माझ्या पाया पडून विचारलं होतंस, "मामा, सांगायचं काय राहिलं न्हाय ना?" मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, सगळं दिलं तुला.

राहिलं होतं, पोरी.

गेटवर उभा हाय,
कुंडलिक