सामाईक विहिरीचा नियम

तीर्थरूप आत्याबाई,

तुमच्या सुनेचा दिल्लीहून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

आमची वकिलात बऱ्याच देशांनी मिळून चालवलेली. तिचा कारभार सुधारायचा म्हणून सगळ्यांचं म्हणणं ऐकणार आहेत, आम्हा स्वयंपाकघरातल्यांचंही.

तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. यांच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखान्यात न्यायला ऑफिसची गाडी द्यायची कोणी, यावरून साहेब एकमेकांच्या देशाकडं बोट दाखवत बसले. माणसं वाईट नव्हती, पण हो म्हणायला कोणी पुढं आलं नाही, आणि त्या उशिरातच हे गेले.

आपल्या सामाईक विहिरीवर भाऊबंद कितीही भांडले तरी मोटर जळली की ज्याची पाळी तोच धावतो. उद्या मी एवढंच सांगणार आहे. रोज एका साहेबाची पाळी लावा. तो कोणत्याही देशाचा असो, त्या दिवशी त्यानंच ठरवायचं.

सोबतची सांगलीची रेश्मा म्हणते, "आवं काकी, नोकरी जाईल की!"

"जाऊ दे. पण बोलल्याबिगर ऱ्हाणार न्हाई," मी म्हटलं.

यमाईपुढं दिवा लावाल तेव्हा यांच्या जागी आलेल्या ड्रायव्हरचं नाव घ्या, जोतीराम. त्याचीही आई गावाकडंच असते.

तुमचीच,
शालन