फिरता बाक

मी जिवंत असताना माझ्या अंगणाच्या दारावर 'रोज उघडे' अशी पाटी लागली. पोटच्या लेकीनं, एलोदीनं, मला न विचारता लावली. ती काढून मी चुलीत घातली, आणि म्हणूनच हे मृत्युपत्र आज लिहिते. मी फिलोमेन दाबिरे, वय त्रेपन्न, राहणार दिएबुगू, दोलो, म्हणजे ज्वारीची बिअर, करून पाजणारी. शाळा दोन वर्षं. अक्षर वाईट आहे, डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, दाखवून बघावा.

एक. घर आणि अंगण एलोदीला.

दोन. चार रांजण, ढवळायचा दांडा आणि चूल एलोदीलाच, पण अटीवर: दोलो फक्त रविवारी करायची. आळीत आम्ही चौघी दोलो करतो, प्रत्येकीचा वार ठरलेला. माझा रविवार, सासूकडून आलेला. तरुणपणी गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, तुझ्या हातची चव कुणाला नाही, उद्याही कर ना." मला चढलं. तीन वर्षं रोज केली. एका सकाळी दांड्यासकट चुलीपाशी कोसळले. डावा हात भाजला, दोन महिने अंथरुणात.

तेव्हा माझ्याच गिऱ्हाइकांनी माझा लांब बाक उचलून चौघींतल्याच नणंदेच्या, कोलेत हिएनच्या, अंगणात नेला. मी पडल्या पडल्या शिव्या घातल्या. कोलेत येऊन म्हणाली, "वहिनी, बाक तुझाच गं. माणसं पांगू नयेत म्हणून बसवलीत. तू आधी उठ, मग भांड."

मी उठले त्या रविवारी माझ्या जुन्या गिऱ्हाइकानं, म्हाताऱ्या पोदानं, पुढचं टोक धरलं, मागे सगळी आळी, आणि बाक गात गात घरी आला. त्या दिवशीसारखी दोलो मला पुन्हा साधली नाही. तेव्हापासून बाक चारी अंगणांत वाराप्रमाणे फिरतो. अठरा वर्षं झाली.

तीन. बाक कुणालाच देत नाही. तो फिरेल.

चार. गिऱ्हाइकाला तुंबा देण्याआधी पहिला घोट आपण प्यायचा, ही रीत आहे. तो बसून प्यायचा. मी तीन वर्षं उभ्यानं प्यायले.

पाच. माझं निळं लुगडं कोलेतला. ओली लाकडं विकणाऱ्या बर्नारला काही नाही, का ते त्याला ठाऊक आहे.

एलोदी म्हणते, "आई, लोक येतात तर दार का लावायचं?" अगं, ती चार दारांची माणसं आहेत. एकटीनं ओढलीस तर तूही मोडशील आणि तीही पांगतील.

साक्षीदार: अंब्रुआज मेदा, लोहार. क्लोतिल्द सोंदा, सुईण.
दिएबुगू, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५.
सही: फिलोमेन दाबिरे

एलोदी, फक्त रविवार, हो की नाही? ९ तारखेच्या रविवारी, पहिला तुंबा भरण्याआधी, बाकावरच्या सगळ्यांसमोर सांग. गप्प बसलीस तर 'नाही' धरीन, आणि सोमवारी रांजण कोलेतकडे जातील.