मस्टरवरची सही

प्रिय ठमे,

तुझं पाकीट येऊन अकरा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर मी कधी करत नाही, हे तुला ठाऊक आहे. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा सहामाहीचे पेपर पुढ्यात ओढून तपासत बसले. आता पेपरही संपले. हे पत्र वाचल्यावर तू मला मावशी म्हणशील की नाही, कोण जाणे. नाही म्हणालीस तर माझी तक्रार नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी तुला खोटं सांगितलं आहे. खरं काय ते आज लिहिते, पण जरा मागून सुरुवात करू दे, नाहीतर आम्ही तसं का वागलो ते तुला कळायचं नाही.

मी या परदेशातल्या शाळेत आले तेव्हा तुझ्या आईला इथे येऊन वर्ष झालं होतं. शाळेच्या मागे भांडारघर आहे, त्याच्या वर शिक्षिकांच्या तीन खोल्या आणि एक सामायिक स्वयंपाकघर. मधली खोली तुझ्या आईची, डावीकडची माझी, उजवीकडची संगीताच्या बाईंची. त्या तिसऱ्याच देशातल्या. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला. पहिल्याच आठवड्यात तुझ्या आईने त्यांना सूरबाई करून टाकलं आणि मला गणितबाई. सूरबाईंना मराठी शिकवण्याचा विडाच उचलला होता तिने. सुरुवात 'चहा'पासून झाली आणि गाडी थेट 'गप गं'वर गेली. एकदा सूरबाईंनी भर सभेत मुख्याध्यापिकांना अगदी गोड आवाजात 'गप गं' म्हटलं. सूरबाईंना वाटलं आपण आभार मानतोय. आम्ही दोघी वहीत तोंड खुपसून बसलो. तुझे दहावीचे मार्क सूरबाईंना विषयवार पाठ होते, भूगोलात दोन कमी कसे पडले यासकट. माझ्या केसांवरून तुझी आई रोज मला टोचायची, म्हणायची हिला जगातली सगळी गणितं सुटतात, तेवढा हा गुंता सुटत नाही. परक्या मुलखात इतकं हक्काने टोचणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

आता नियमाचं सांगते. इथे सकाळी आठला मस्टर बंद होतं. ज्याची सही नसेल त्याच्या खोलीवर रखवालदार साडेआठच्या आत जातोच. दार वाजवतो, उघडलं नाही तर स्वतःजवळच्या किल्लीने आत जातो, आणि कोणी आजारी असेल तर सरळ दवाखान्यात पोचवतो. मी नवी असताना तापाने झोपून राहिले होते. डोळे उघडले तर हा बाबा पलंगापाशी उभा, दोरीवर माझे धुतलेले कपडे, आणि दारात ऑफिसातली दोन माणसं. लाजेने मेल्यासारखं झालं. आठवडाभर मी मान वर केली नाही. तेव्हा तुझ्या आईनेच तोडगा काढला, की जिला उशीर होईल तिची सही दुसरीने ठोकायची. तिघींनी एकमेकींच्या सह्या गिरवल्या, पाटीवर पोरं गिरवतात तशा. तिच्या सहीखालची रेघ मला तिच्यापेक्षा झोकात जमायची. चार वर्षं हे चाललं. अळीमिळी गुपचिळी. खरं सांगू, आमची मैत्री खरी घट्ट झाली ती या चोरीमुळेच.

त्या बुधवारी सकाळी मी तिच्या खोलीत डोकावले. आदल्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं. कपाळावर ओला रुमाल ठेवून पडली होती. म्हणाली, "पहिला तास मोकळाच आहे माझा. सही ठोक, दुसऱ्याला येते." मी सही ठोकली. दुसऱ्या तासाला ती आली नाही, वर्गात गोंधळ सुरू झाला, म्हणून सूरबाई जाऊन बसल्या. मग मधली सुट्टी झाली. तिची खोली तिथून दोन मिनिटांवर. जाऊन बघावं असं मनात आलं होतं, हे मी लपवत नाही. पण रखवालदार पटांगणात उभा होता. मी खोल्यांकडे निघाले असते तर त्याने विचारलं असतं आणि सही उघडी पडली असती. शिवाय वाटलं, झोप लागली असेल, कशाला उठवा. मी चहा घेतला. तिसऱ्या तासाला तिच्या वर्गावर स्वतः गेले आणि पोरांना अपूर्णांकांची उदाहरणं घातली.

साडेबाराला शाळा सुटल्यावर मी आणि सूरबाईंनी तिचं दार उघडलं. ती पलंग आणि टेबलाच्या मध्ये पडली होती. कपडे बदलून झाले होते, एका पायात चप्पल होती. दुसऱ्या तासाला यायलाच निघाली होती ती. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला, सव्वाआठच्या सुमारास पडल्या असतील, तेव्हाच आणायला हवं होतं. चार वाजता ती गेली. शुद्धीवर आली नाही. मी तिला मारलं असं मी म्हणत नाही, ठमे. पण तिच्या दाराशी जो माणूस यायचा होता, त्याला मी अडवलं.

मुख्याध्यापिका दवाखान्यात मस्टर घेऊनच आल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाईंनी आज किती तास घेतले. मी म्हटलं, दोन. सूरबाई शेजारी उभ्या होत्या, खाली बघत राहिल्या. त्यावरूनच तुझ्या बाबांना शाळेचं ते पत्र गेलं, 'अखेरपर्यंत शिकवत राहिल्या' असं लिहिलेलं, जे त्यांनी चौकटीत लावलंय. पुढे तू फोनवर विचारलंस, आईने शेवटी काय शिकवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, बी कसं रुजतं ते. आणि तू तुझ्या शिक्षिकेच्या अभ्यासक्रमातला पहिला पाठ त्यावरच घेतलास. पाठ घेताना रडू आलं पण थांबले नाही, असं लिहिलं होतंस. ते वाचल्यापासून मला स्वतःची किळस येते. सूरबाई वर्ष संपताच निघून गेल्या. आम्ही दोघींनी एकत्र चहा घेणं कधीच सोडलं होतं. जाताना तिच्या बंद खोलीकडे बोट दाखवून तुझ्या आईने शिकवलेल्या मराठीत एवढंच म्हणाल्या, "आपण जायचं होतं."

दोन वर्षं गप्प बसले आणि आजच का बोलते, तेही सांगते. आईच्या जागेवर इथे तुझी निवड झाली हे तू कळवलंस, आणि तुम्ही आहात म्हणून डोळे झाकून येते, असंही लिहिलंस. तीच मधली खोली तुला मिळणार आहे. त्याच पाकिटात तू भरून पाठवलेला शाळेचा फॉर्म आहे. त्यात 'इथली जवळची व्यक्ती' या रकान्यात तू माझं नाव लिहिलंयस, नात्याच्या रकान्यात मावशी. सोमवारी मी मुख्याध्यापिकांना सगळं सांगणार आहे, तू यायचं ठरव की नको ठरव. त्यानंतर मला इथे ठेवतील असं वाटत नाही, आणि ठेवू नये. पण फॉर्म महिनाअखेरपर्यंत ऑफिसात द्यायचा आहे, आणि तुझ्या माझ्या नात्याखाली माझी सही हवी आहे. बाबांना हे पत्र दाखव, त्यांच्याशी बोल, आणि सही करू की नको ते मला कळव. तोवर ती जागा मी कोरी ठेवली आहे.

तुझ्या आईची मैत्रीण,
गणितबाई