डाव्या बाजूची तक्रार

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हल्ली फोन सोडून तू पत्रं लिहायला लागलास, याचं मला भारी कौतुक वाटतंय. शाळेत निबंध म्हटलं की पोटात दुखणारा पोरगा आता दोन-दोन पानं खरडतो!

आता कामाचं. तुझ्या गिऱ्हाइकांची पत्रं मी बघायला घेतली, तेव्हा तू म्हणालास, ताई, मला आवाज जुळवता येतात, माणसं नाही. मला बरंच झालं. जन्म कचेरीच्या तक्रार विभागात गेला, निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते. तर परवा त्या जाहिरातवाल्यानं कळवलं, की तू आवाज मिसळून पाठवलेल्या जाहिरातीत डाव्या बाजूचा आवाज फार चढा लागतोय. मी खरमरीत उत्तर धाडलं, की आमच्याकडून अशी चूक होत नाही, आधी स्वतःचे कान तपासून घ्या. गप्प बसला मेला. तुझ्यासारखं 'हो साहेब, बदलतो साहेब' करत राहिलं की लोक डोक्यावर मिऱ्या वाटतात.

चित्रपटवाल्या बाईंचं काम मात्र जिवापाड कर. वर्षभर पुरेल एवढं काम आहे आणि बाई तुझ्यासाठी अडून बसल्यात. नमुन्याची पहिली दहा मिनिटं धाडलीस ना?

भावजयबाईंना आणि चिमणीला आशीर्वाद. माया आहेच, पण उत्तराला उशीर केलास तर कमी होईल, सांगून ठेवते.

तुझी,
ताई


११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमुना धाडला. जाहिरातवाल्याचं कामही पुन्हा करून दिलं. पण ताई, हात जोडतो, कान तपासा वगैरे कुणाला लिहीत जाऊ नकोस. ही माणसं एकदा बिथरली की परत फिरत नाहीत, आणि एकाच्या तोंडून दहांच्या कानी जातं.

घरी धुसफूस चालू आहे. टीव्हीच्या आवाजावरून तुझ्या भावजयबाई रोज तोंड सोडतात. चिमणी म्हणते, बाबा हल्ली ओरडूनच बोलतो. दोघी एकाच माळेचे मणी.

एक काम कर. चित्रपटवाल्या बाई म्हणतात, पुढचं काम शेजारी बसून, मिळून करू. त्यांना कळव, की मी एकट्यानंच काम करतो, माझी तशी पद्धतच आहे. काहीतरी छान शब्दांत बसव. तुझ्याइतकं गोड बोलून वाटेला लावणं कुणाला जमतं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, एवढंच म्हणतो.

तुझ्या रागावरही लोभ ठेवणारा,
धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाईंना मी काहीही कळवलेलं नाही. का, ते ऐक.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात बोलत्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी लिहिलं, की डावीकडून आवाज अंगावर येतो. पाठोपाठ बाईंचं आलं. त्या बिचारीनं अदबीनं विचारलंय, की नमुन्यात डावी बाजू मुद्दाम चढवली आहे का. हे तिघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकाची तक्रार असली तर खोट तक्रार करणाऱ्यात असू शकते रे, पण तिघांची एकच असली की आपल्यात असते, हे मला कचेरीनं शिकवलंय. डाव्या कानाला कमी येतं म्हणून तू डावीकडचा आवाज वाढवत बसतोस, हो ना? फोनवर मी विचारायचे एक आणि तू सांगायचास भलतंच. मी तुझ्या भावजींना म्हणाले, धाकट्याला शिष्टपणा आलाय. आता माझीच मला लाज वाटतेय. काल भाजी चिरता चिरता रडले. तुझे भावजी म्हणाले, रडून काय होणार, त्याला डॉक्टरकडे पाठव.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, राजा. डॉक्टरकडे जा. मी बाईंशी खोटं बोलणार नाही आणि तुझ्या मागे खरंही सांगणार नाही. तुझा कान आहे, तूच बोल. तोवर तुझ्या गिऱ्हाइकांच्या एकाही पत्राला मी उत्तर देणार नाही.

काळजीनं अर्धी झालेली,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका संतापलो, की फाडून टाकलं. वाटलं, स्वतःची बहीण वैरीण झाली. नंतर गेलो डॉक्टरांकडे. डावा कान जवळजवळ गेला आहे आणि तो काही परत यायचा नाही. वर्षानुवर्षं दिवसभर हेडफोन चढवून बसल्याचं फळ. उजवा सांभाळला तर टिकेल म्हणाले. आवाज कमी, तास कमी आणि मध्ये मध्ये विश्रांती.

चित्रपटवाल्या बाईंना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. आज त्यांचा निरोप आला, काम दुसऱ्याला दिलं. लिहिलंय इतकं मायेनं, की त्यांच्यावर चिडताही येईना. बाकीच्यांशीही मीच बोलणार आहे. कोण राहील, कोण जाईल, कुणास ठाऊक. भीती वाटते ताई, खूप वाटते. हे सोडून मला दुसरं काय येतं?

तू विचारशील, एवढा हट्टी माणूस खरं बोलायला तयार कसा झाला. तुझ्या पत्रानं नाही झाला. गेल्या रविवारी मी खुर्चीत बसलो होतो. चिमणी मागून आली, माझ्या गळ्यात पडली आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. तिच्या श्वासानं कानाला गुदगुल्या झाल्या, तेवढंच कळलं. मी आपला नेहमीसारखा हसून म्हणालो, हो हो, उद्या नक्की आणतो. ती हसली नाही. खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आली आणि मघाचंच पुन्हा म्हणाली. तिनं विचारलं होतं, बाबा, या कानानं तुला ऐकू येतं का?

मी नाही म्हणालो. मग आम्ही दोघंही रडलो. तिची आई दारात उभी होती, तिलाच चित्रपटवाल्या बाईंना फोन लावून द्यायला सांगितलं.

तुझ्या मायेवाचून चालणार नाही असा,
धाकटा