सातव्या वळणाच्या पुढे

दि. ३ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

गाडी तयार झाली. दादाच्या मोटरसायकलला मोठा पिस्टन बसवला, नवा कार्बुरेटर दिला. आवाज असा भरदार झालाय की समोरच्या शिंप्याने खिडकी लावून घेतली. तेल मात्र बाजारचं घातलं नाही. गाडीबरोबर तुम्ही दादाचा पत्र्याचा डबा दिला होता ना, काठोकाठ भरलेला, त्यातलंच घातलं. त्याच्या हातचं शेवटचं तेल.

आता रडगाणं. सपाटीवर गाडी सुरेख पळते. चढ लागला आणि मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडतं, चाकाला त्याचा पत्ताच नसतो. क्लच घसरतोय. इंजिनाचा जोर चाकाकडे नेणाऱ्या प्लेटा एकमेकींना धरून राहत नाहीत. जोर वाढवला, पकड जुनीच राहिली. नाकापेक्षा मोती जड झाला. जास्त ताकदीच्या स्प्रिंगा मागवल्या आहेत.

एकतीस तारखेला बोगदा सुरू होतोय आणि त्या दिवसापासून जुना घाटरस्ता गाड्यांना कायमचा बंद. त्याआधी तुम्हाला याच गाडीवर मागे बसवून घाटमाथ्यावर नेणार, हे मी दादाच्या फोटोसमोर बोलून बसलोय. तब्येतीला जपा. लोभाचा क्लच घसरू देऊ नका.

तुमचा धाकटा दीर


दि. ७ मार्च

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. तीस वर्षं शाळेत मुलांना यंत्रं शिकवलीत, आता निवृत्तीनंतर यंत्र तुम्हाला शिकवतंय. शिकून घ्या.

ह्यांनी मला त्या घाटात अकरा वेळा नेलं आणि अकराही वेळा सातव्या वळणावरून परत आणलं. तिथे गाडी दमायची. हे उतरायचे, टाकीवर हात ठेवायचे आणि इंजिनाला ताप आलाय असं सांगायचे. माझ्या वजनाचा विषय एकदाही काढला नाही. माणूस भला होता. स्वतः मात्र कामानिमित्त एकटे वर जाऊन यायचे आणि माथ्यावरच्या तळ्याचं वर्णन करायचे. म्हणे केवढं तरी मोठं, सकाळी हिरवं, दुपारी निळं. ते तळं मी अडतीस वर्षं नुसतं कानांनी पाहिलंय. तेव्हा मला जेवण कमी करा असं लिहू नका, क्लचला सांगा काय ते.

गाडीचं माहितीपुस्तक अजून इथेच आहे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्याच्यावरच, कारण घरात दुसरं पुस्तक नव्हतं. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं आख्खं वाक्य क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअर टाकू नये, हे आहे. पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, इतकं उपयोगी वाक्य फारसं भेटलं नाही. आता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते. जेवणाची वेळ पाळा. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुमची वहिनी


दि. १८ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

नव्या स्प्रिंगा घातल्या. क्लच दाबून दाबून माझा पंजा सुजला, पण घसरणं थांबलं नाही. केबल बदलली, प्लेटा नव्या घातल्या. मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून घाट चढून पाहिला. पोत्याचं वजन किती धरलं ते विचारू नका, मला तुमच्या घरी अजून जेवायचंय. पाचव्या वळणावरच गाडीने हात टेकले. दादा निदान सातव्यापर्यंत न्यायचा. मी एवढं सगळं करून त्याच्याहून दोन वळणं मागे पडलो.

वहिनी, आता बदलायला काही उरलं नाही. तेरा दिवस राहिलेत. शिंपी त्याची चारचाकी द्यायला तयार आहे. तिच्यातून गेलो तरी तळं तेच दिसेल. गाडी मी परत पहिल्यासारखी करून ठेवतो. रागावू नका.

तुमचा धाकटा दीर


दि. २१ मार्च

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

शिंप्याला सांगा, त्याची चारचाकी त्याला लखलाभ. मला मोटरसायकलवरून जायचंय, आणि तुमचं घोडं कुठे पेंड खातंय ते मला सापडलंय. वाचून झाल्यावर मला काय बोलायचं ते बोला.

माहितीपुस्तकाची दोन पानं ह्यांच्या तेलकट बोटांनी एकमेकांना चिकटलेली होती. इतकी वर्षं मी ती तशीच उलटत आले. काल चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली आणि पातळ सुरीने सोडवली. आत ह्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे, आणि त्याच्या बाजूला छापलंय की या इंजिनात मोटारगाडीचं तेल घालू नये, ते फार निसरडं असतं, क्लचच्या प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात, त्या घसरतील.

भावजी, डबा ह्यांचा आहे. तेल ह्यांचं नाही.

हे गेले तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता. फळी पुसताना उचलला की हाताला हलका लागायचा आणि दर वेळी मी तो घाईघाईने परत जागेवर ठेवायचे. वर्षभर सोसलं. मग खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याकडे त्याच्या गाडीचं उरलेलं तेल मागितलं आणि डबा भरून ठेवला. म्हटलं तेल ते तेल. नंतर फळी पुसताना त्रास झाला नाही. तुम्हाला डबा देताना हे सांगायला जीभ रेटली नाही. तुम्ही दादाचं तेल म्हणून एवढं कौतुक लिहिलंत, तेव्हा तर मुळीच नाही. तुमचा पंजा माझ्यामुळे सुजला.

आता पत्राऐवजी तारीखच कळवा.

तुमची वहिनी


दि. २५ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

काखेत कळसा नि गावाला वळसा. तेल काढून टाकलं, आतून सगळं धुतलं, प्लेटा पुन्हा नव्या घातल्या, मोटरसायकलचं तेल भरलं. पोतं बांधून सुटलो तो सातवं वळण मागे टाकलं, आठवंही टाकलं, आणि तिथून मुद्दाम परत फिरलो. त्याच्या पुढे पोत्याला नेणं बरं दिसलं नसतं.

एकट्या तुम्हीच कबुली देऊ नका. डबा उघडला तेव्हाच मला तेल पातळ वाटलं होतं, वासही वेगळा आला होता. दुसऱ्या कुणाचा डबा असता तर ओतूनच दिला असता. दादाच्या डब्याला उलटा प्रश्न विचारायची मला लहानपणापासून सवय नाही.

रविवारी, एकोणतीसला, सकाळी आठ वाजता दारात येतो. डोक्याला रुमाल बांधा.

तुमचा धाकटा दीर


दि. २ एप्रिल

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

गाडीवर वाऱ्यामुळे बोलता आलं नाही, वर पोचल्यावर मला हसू आवरेना, म्हणून आता लिहिते.

सातवं वळण आलं तेव्हा माझा पाय सवयीने खाली उतरायला निघाला होता. तुम्ही मूठ पिळलीत आणि इंजिनाचा जोर मला थेट सीटखालून लागला. गाडी थांबलीच नाही. मी मागे वळून त्या कठड्याच्या दगडाकडे पाहिलं, जिथे आम्ही बसून पाणी प्यायचो. तो लहान होत होत दिसेनासा झाला. तेव्हा थोडं रडले, तुमच्या शर्टाला ओल लागली असेल, घाम समजू नका.

आणि ते तळं. दोन चादरी अंथरल्या तर झाकून जाईल एवढं डबकं, आणि त्यात उभी एक म्हैस. अडतीस वर्षं ह्यांनी मला हिरवं-निळं ऐकवलं. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की घरी जाऊन ह्यांना चांगलं फैलावर घेऊ असं ठरवूनसुद्धा टाकलं. उतारावर तिसऱ्या वळणाला लक्षात आलं की घरी भांडायला कुणी नाही. पण खरं सांगते, तोवरचं भांडण फार छान झालं. पुष्कळ दिवसांनी झालं.

रस्ता परवा बंद झाला. हरकत नाही, आपलं काम होऊन गेलं.

पुढच्या खेपेला याल तेव्हा तो डबा आणा. धुऊन, पुसून, रिकामाच आणा, काही भरू नका. फळीवर त्याची जागा तशीच आहे. आता उचलताना हलका लागला तरी चालेल.

तुमची वहिनी