अठरा लाकडी तोफा

४ तारीख
ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. तुझ्या भावाने तोफा बनवल्यात. एक नाही, अठरा! लाकडाच्या! टेकडीवर रांगेत मांडल्यात. शत्रूच्या विमानांनी त्यांच्यावर बाँब वाया घालवायचे आणि खऱ्या तोफा नदीकाठच्या झाडीत सुखरूप, अशी आमच्या मोठ्या साहेबांची अक्कलहुशारी. भावोजी तिथेच झाडीत आहेत. माझ्या तोफा त्यांच्या तोफेपेक्षा देखण्या आहेत, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!

गुप्तता इतकी, की कोठारप्रमुखालाही पत्ता नाही. बोलेल तो कोठडीत. म्हणून हे पत्र सुट्टीवर निघालेल्या स्वयंपाक्याच्या हाती देतोय.

तुझ्या रागालोभाचा धनी,
धाकटा

११ तारीख
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

दीडशहाण्या, तोफा झाल्या असतील झकास, पण डोकं घरीच विसरून गेलास का? ह्यांचं पत्र आलंय. आठ दिवस तोफेला एक गोळा नाही. रोज चिठ्ठी पाठवतात, रोज कोठारातून उत्तर येतं की माल पोचवला. अरे, पोचवला कुठे? खऱ्या तोफा कुठे आहेत हेच त्या कोठारप्रमुखाला ठाऊक नसेल, तर तो गोळे धाडणार कुठे? शत्रू आला तर हे काय दगड मारणार? ऊठ आणि बघ. कोठडीत गेलास तरी चालेल.

स्वयंपाकी परत निघालाय, म्हणून घाईत. जिवाला जप, त्यांच्याही.
तुझी ताई

१९ तारीख
ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र देणारा माणूस धडधाकट आहे ना? नीट बघून घे, मग पुढे वाच. तोफांच्या आवाजाने भावोजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा काय रागवायचं ते उजव्या बाजूने रागव.

तू म्हणालीस तेच! माझ्या तोफांमागे खऱ्या गोळ्यांच्या पेट्या छातीएवढ्या रचलेल्या. मी रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, वा, पेट्याही कुणी हुबेहूब केल्यात! धावत साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अर्ज कोठारप्रमुखांमार्फत दे, मात्र त्यांना काही कळू देऊ नकोस. बाहेर येऊन मी वेड्यासारखा हसलो, मग रडूच आलं. शेवटी टेकडीकडे बाण दाखवणारी तोफखान्याची पाटी उपटली आणि नदीच्या वाटेला ठोकली. पुढचे दोन ट्रक थेट भावोजींपाशी!

दुसऱ्या सकाळी विमानं आली. टेकडी अशी उडाली, की महिन्याभराचा दारूगोळा एका दमात खलास. शत्रूला वाटलं, तोफखाना संपला. तो निर्धास्त नदीत उतरला, आणि झाडीतून भावोजींनी त्याचं जे काही स्वागत केलं! साहेबांना पदक मिळालं. मला पाटी हलवल्याबद्दल दहा दिवस कोठडी.

पण ताई, टेकडीवर लाकडी तोफांच्या पहाऱ्याला चार माणसं होती. त्यांना खाली बोलवायचं साहेबांच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यातला एक उशीत भरायला माझ्याकडून भुसा न्यायचा. त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

काल साहेबांनी आणखी छत्तीस तोफा मागितल्या. मी सांगितलं, आधी लाकडाचे पहारेकरी करतो, तोफा नंतर. आता कोठडी वीस दिवसांची झालीय.

असाच जीव लावत राहा.
तुझा धाकटा