फोरमनसाहेबांची आगाऊ बातमी

चिंचवड, १२ जून १९७६

शेजारचे फोरमनसाहेब संध्याकाळी हात जोडून दारात. “भाऊ, पोराची बातमी थांबवा. यादीत नाव न्हाई हो!”

मुंबईच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजात पोराची निवड झाली, ही बातमी त्यांनी पेपरासाठी निकालाआधीच लिहून दिली होती, फोटोसकट. वर आमच्या सुमनला म्हणाले, “तू बापासारखे श्लोक म्हण. इंजिनिअरिंग तुझं काम न्हाई.” पोरीने भरलेला प्रवेशाचा फॉर्म स्वतःच फाडला. तो फॉर्म डोळ्यांपुढून हलत नाही. मी तरी कुठे अडवलं तिला?

“बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीने पुण्याला पेपरात गेलं,” मी म्हणालो. पाकीट माझ्या खिशातच होतं.

बरं केलं का? असू दे. उद्याच्या पेपरात ती बातमी नसेल, हे आज मला एकट्यालाच ठाऊक. क्षमा वीरांना शोभते म्हणतात. मी तर साधा वार्ताहर.